रावजी मास्तरांची मोरी

रावजी मास्तर कुठल्याही गोष्टीचा आधी वास घेत. तांब्या तोंडाला लावण्याआधी त्याचा, भाकरी मोडण्याआधी तिचा, आणि कोणी नवा विद्यार्थी बोर्डिंगात राहायला आला की त्याच्या वळकटीचा. नाक लांब, टोकाशी जरा वाकलेले. वास पसंत पडला नाही की नाकाच्या दोन्ही बाजूंना अशा आठ्या पडत, की समोरच्याला आपण मेलेली घूस हातात धरून उभे आहोत असे वाटावे. मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा कोकणातून घाट चढून नुकताच आलो होतो. वडील वारलेले, मराठी चौथीतून नाव काढलेले, आणि कोल्हापुरात ओळखीचे एकही माणूस नाही. मास्तर जवळ आले, वाकले, हुंगले.

"सुकटाचा वास मारतोय तुझा," ते म्हणाले. "आदी आंघोळ कर. मग बोलूया नोकरीचं."

मी आंघोळ केली. त्यांनी पुन्हा वास घेतला आणि मला स्वयंपाकघरात पाठवले. तेव्हापासून मी त्याच स्वयंपाकघरात आहे. दार जोरात वाजले की अजून वाटते, आता कोणी मला 'जा' म्हणायला आले. मास्तर होते तोवर तसे म्हणायची कोणाची छाती झाली नाही, आणि ते गेल्यावर म्हणायचे राहून गेले. माझ्या अंगावर जे काही आहे ते त्यांचे आहे, म्हणून हे लिहायला बसलो. शाळा सुटलेल्या माणसाचे लिहिणे आहे, चुकले तर पोटात घाला.

आमचे बोर्डिंग महाराजांच्या कृपेने उभे राहिलेले. त्या काळात कोल्हापुरात अशी बोर्डिंगे एकामागून एक निघत होती. ज्यांच्या घरात पाटी कोणी पाहिली नव्हती अशा कुणब्यांची पोरे कॉलेजात जाऊन इंग्रजी आणि तर्कशास्त्र वाचू लागली होती. आता त्या दिवसांवर कोणी भाषणाला उभा राहिला की ज्ञानाचा सूर्य वगैरे काढतो. मी तिथे भाकऱ्या भाजत होतो. मला आठवतो तो वास.

मुंबई विद्यापीठाची परीक्षा जवळ आली की बोर्डिंगात पटकी शिरल्यासारखे होई. एकजण स्मरणशक्ती वाढावी म्हणून मालकांगोणीचे तेल पिई आणि माझ्या चुलीमागे येऊन ओके. दुसरा डोक्याला ब्राह्मीचे तेल इतके थापी की त्याच्या उशीवर माश्या घोंगावत. जागे राहण्यासाठी तपकीर ओढून ओढून कित्येकांची नाके गळत. ती ते भिंतीला पुसत, आणि त्याच भिंतीला टेकून घोकत बसत. कोणाच्या गळ्यात ताईत, कोणाच्या दंडाला गंडा. एकाने तर कोणा मांत्रिकाच्या सांगण्यावरून पुस्तकाचे पान जाळून राख दुधातून घेतली. प्रश्न नेमका त्याच पानावरचा आला आणि ह्याला तो येईना, कारण पान पोटात होते. हे सगळे मी डोळ्यांनी पाहिले, आणि पुष्कळसे हातांनी पुसले.

"महाराजांनी जागा दिली, जोंधळं दिलं, म्हशी दिल्या," मास्तर त्या भिंतीकडे बघत म्हणत, "आन् ही काय कराल्यात? शेंबूड पुसाल्यात."

त्यांच्याकडे मात्र एकच औषध होते, आणि ते मोरीत होते. स्वयंपाकघरामागे एक उघडी मोरी होती. खरकटे, राख, न्हाणीचे पाणी, गोठ्यातले म्हशींचे मूत असे सगळे तिथे येऊन थांबे आणि काळे पडे. पूर्वी ती उपसायला बाहेरून माणूस येई. मास्तर बोर्डिंगावर आले आणि त्यांनी ते बंद केले. "खाता तुमी, न्हाता तुमी, मग घाण दुसऱ्याची कशी?" असे म्हणून त्यांनी स्वतः धोतर खोचले आणि गुडघाभर आत उतरले. पोरे धोतराचे सोगे नाकाला लावून सज्जातून बघत होती. ज्या जातीची म्हणून ती स्वतःला मिरवत, त्या जातीत असले काम कोणी केलेले नव्हते.

पुढे रीतच पडली. परीक्षेचे भय घेऊन कोणी मास्तरांकडे आला की ते त्याचे सगळे ऐकून घेत. छातीत धडधडते, झोप लागत नाही, वाचलेले डोक्यात राहत नाही, असे सगळे. मध्ये बोलत नसत. ऐकून झाले की कोपऱ्यातला खराटा त्याच्या हातात देत.

"मास्तर, पेपर हाय की उद्या."

"मोरी आज तुंबलीया."

"पर माझं वाचून व्हायचंय."

"डोस्क्यातली घाण दिसत न्हाय, म्हणून तिचं भ्या वाटतंय. ही दिसती. ही काढ आदी."

पोरगा शिव्या पुटपुटत उतरे, ओकाऱ्या देत बादल्या काढी, वर येऊन अंग घासघासून न्हाई, आणि मग माझ्याकडे येऊन जेवायला मागे. जेवून झोपे. हे मी इतक्यांदा पाहिले की कोणी खराटा घेऊन निघाला की मी आधीच दोन भाकऱ्या जास्त थापी. सगळ्यांना हे औषध मानवले असे नाही. काही जण त्याच दिवशी वळकटी उचलून दुसऱ्या बोर्डिंगात गेले आणि तिथे मास्तरांच्या नावाने बोटे मोडत बसले. मास्तरही काही गोड माणूस नव्हते. तंबाखूचा वास आला की भरल्या ताटावरून उठवीत. एकदा मी शिळ्या पाण्यात भांडी विसळताना सापडलो, तर तीच पळी माझ्या पाठीत बसली. रात्री मात्र त्यांनीच पाठीला तेल लावले. तेलाचा आधी वास घेतला.

एका दुपारी मी तांदूळ निवडत होतो आणि ते उंबऱ्यावर बसले होते. मी धीर करून विचारले, "मास्तर, हे मोरीचे तुम्हाला सुचले कसे?"

"मी बी.ए. नापास हाय, म्हाईत हाय न्हवं तुला?" ते म्हणाले. "पुण्यास्नं आलो आन् माळ्यावर पडलो. खाली उतरंना. कुणाचं त्वांड बघू नये असं वाटायचं. मग आई अंथरुणाला खिळली. घरात दुसरं कोण न्हाय. तिचं सगळं मलाच काढाय लागायचं, रोज. तवा कळलं, कोकण्या. घाण काढताना माणूस मरायचा इचार करत न्हाय. वास लय येतोय."

एवढे बोलून ते हसले. मला हसू आले नाही.

दौलत आमच्याकडे आला तो मुरगूडच्या पलीकडच्या एका खेड्यातून. त्या गावातून कॉलेजात गेलेला तो पहिला. मॅट्रिक पास झाला तेव्हा गावाने त्याला फेटा बांधून हलगीच्या तालावर मिरवले, आणि तेव्हापासून जत्रेतला मानाचा नारळ त्याच्या हाताने फुटू लागला. त्याला आईबाप नव्हते. त्याचे चुलते, आप्पा, यांनी त्याला वाढवले होते. दर बाजाराच्या दिवशी आप्पा गावातली माणसे घेऊन बोर्डिंगात येत, दुधाची चरवी आणि ओल्या शेंगा ठेवीत आणि अंगणात बसून दौलतकडे बघत राहत. बघत म्हणजे, देवळात बसून मूर्तीकडे बघतात तसे. ज्या पोराचे नाक त्यांनी पुसले होते त्याला ते 'सायेब' म्हणत, 'तुमी' म्हणत.

"सायेब, औंदा व्हईल न्हवं?"

"व्हईल, आप्पा."

"व्हायाच पायजे. गाव डोळं लावून बसलंय बघा."

हे ऐकताना माझ्या अंगावर काटा येई. मास्तर तर उठून गोठ्यात निघून जात. "त्यास्नी पोरगं नगं झालंय," ते मला म्हणत. "द्येव पायजे. आन् द्येवाला नापास व्हायची सोय नसती."

दौलत नापास झाला होता, एकदा नव्हे, दोनदा. बोर्डिंगात सगळ्यांना माहीत होते, गावात कोणाला नाही. गावाला त्याने सांगितले होते की ही परीक्षाच लांबलचक असते. गावानेही मान डोलावली होती. तिसऱ्या खेपेला त्याने औषधे केली नाहीत, ताईत बांधला नाही, कोणाशी बोलला नाही. त्याचे ताट जसे जाई तसे परत येऊ लागले. ताटे मी घासत होतो, म्हणून पहिल्यांदा मला कळले. मग एका सकाळी तो रंकाळ्यावरून चिंब भिजून आला. "पाय घसरला," म्हणाला. त्याला पोहता येत नव्हते, आणि त्या बाजूला त्याचे काही कामही नव्हते. मी तसाच मास्तरांकडे धावलो.

मास्तरांनी त्याच्या ओल्या सदऱ्याची बाही नाकाशी धरली. बराच वेळ सोडली नाही.

"काठाचा वास न्हाय ह्यो," ते म्हणाले. "खोल पाण्याचा हाय."

  मास्तरांनी कोपऱ्यातून खराटा काढून दौलतच्या हातात दिला, आणि मग दुसरा काढून स्वतःच्या हातात घेतला. हे त्यांनी इतर कोणासाठी कधी केले नव्हते. दोघे उतरले. दौलत पहिल्या बादलीलाच ओकला. मास्तर म्हणाले, "ओक. ते बी काढायचंच हाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा दोघे, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मोरी इतकी स्वच्छ झाली की काढायला काही उरेना, तेव्हा गोठा काढला, मग शेजारच्या गल्लीतले गटार. आठवडाभराने दौलत न्हाऊन स्वयंपाकघरात आला आणि त्याने भाकरी मागितली. ती संपवून आणखी मागितली. मी चुलीकडे तोंड करून भाजत राहिलो, माझे डोळे त्याला दिसू नयेत म्हणून.

आणि मग बाजाराचा दिवस आला. आप्पा आणि गावकरी चरवी घेऊन अंगणात आले, सायेब दिसेनात, म्हणून थेट मागे आले. मागे सायेब पुन्हा भरलेल्या मोरीत, गुडघाभर काळ्या पाण्यात उभे होते. चरवी आप्पांच्या हातातून सुटली आणि दूध मोरीच्या दिशेने वाहत गेले.

"कुणी सांगितलं ह्ये?" आप्पा ओरडले. "आमच्या गावचा बी.ए. हाय त्यो. गू काढाय धाडला व्हय आमी?"

"शेण हाय, पावणं," मास्तर मोरीतूनच म्हणाले. "आन् थोडं तुमच्या शेंगांची टरफलं."

"बाहेर या, सायेब. बाहेर या आदी."

दौलत बाहेर आला नाही. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. "आप्पा, मी नापास झालोय," तो म्हणाला. "दोन बारी. बी.ए. न्हाय, त्याच्या आदीची परीक्षा. मी खोटं बोललोय तुमच्याशी."

मला वाटले, आता म्हाताऱ्याच्या छातीत कळ येणार. गावकऱ्यांच्या तोंडाकडे बघवेना. आप्पा हलले नाहीत. त्यांनी पोराच्या तोंडाकडे बघितलेच नाही, हातांकडे बघितले.

"नापास झालास त्ये ऱ्हावू दे," ते म्हणाले. "हात धू. धू म्हणतो न्हवं. कुणी बघील."

अजून ते वाक्य आठवले की मला शिसारी येते. पोरगा मरणाच्या दारातून परत आलेला, आणि ह्यांना दिसले काय, तर हात.  मास्तरांनी आप्पांच्या दिशेने हवा हुंगली आणि नाकाला त्या आठ्या पडल्या.

गावाने बैठक बसवली आणि निरोप पाठवला. दौलतने गावात पाय ठेवायचा तर भटजींकडून पंचगव्य घेऊन शुद्ध व्हावे लागेल. निरोप घेऊन आलेला माणूस स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मास्तर भाकरीचा वास घेत होते, ते थांबले.

"शेण काढलं म्हणून बाटला," ते म्हणाले, "आता शेण खाऊन शुद्ध व्हणार. बरं हाय की."

दौलतने नकार दिला. त्याला गाव तुटले. जाताना त्या माणसाने मानाचा फेटा परत मागितला, तो त्याने काढून दिला. इकडे गावकऱ्यांची तक्रार बोर्डिंगाच्या कमिटीवर गेली. कमिटीत एक वकीलसाहेब मुख्य होते. जातिभेदावर बोलायला उभे राहिले की टाळ्या घेत, महाराजांच्या विचारांचे नाव घेताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. त्यांनी मास्तरांना अंगणात उभे करून सांगितले, "रावजी, आपण पोरांना वर काढायला बसलोय. तुम्ही त्यांना मोरीत उतरवता?" मास्तरांनी त्यांचा वास घेतला. अत्तर होते. त्याच संध्याकाळी मास्तरांनी आपली वळकटी उचलली. मी हात जोडून विचारले, मी येऊ का? "तू इथंच ऱ्हा," ते म्हणाले. "पोरं उपाशी मरतील." मोरीवर वकीलसाहेबांनी एक जाड फरशी बसवून घेतली. दिसेनाशी झाली म्हणजे स्वच्छ झाली.

त्याच वर्षी हिवाळ्यात कोल्हापुरात प्लेग आला. उंदीर पडू लागले तसे सारे शहर माळावर झोपड्या घालून राहायला गेले. कॉलेज बंद झाले, पोरे गावोगाव पांगली. वकीलसाहेब सगळ्यांच्या आधी आपल्या मळ्यात गेले. मास्तर आजाऱ्यांच्या झोपड्यांवर कामाला लागले आणि त्यांच्यामागून दौलत गेला. त्याला जायला दुसरे घर नव्हते हे खरे, पण तो काही नाइलाजाने गेल्यासारखा दिसत नव्हता. मी पेज घेऊन जाई. तिथला वास लिहिता येत नाही. फिनेल, ओकारी, फुटलेल्या गाठींचा पू, आणि वर पिकलेल्या उसाच्या फडावरून येणारा गोड वारा, ज्याने आणखीच मळमळे. ज्या दौलतला मोरीच्या पहिल्या बादलीला ओकारी आली होती, तो तिथे माणसांची अंगे पुसत होता आणि त्यांच्याशी बैलाच्या किमतीवर वाद घालत होता.

मग गाठ मास्तरांना आली. मी गेलो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि त्यांच्या नाकाला त्या ओळखीच्या आठ्या होत्या. ह्या वेळी त्या स्वतःसाठी होत्या.

"लांब बसा रं," ते म्हणाले. "घाण येती माझी."

"यिऊ दे की," दौलत म्हणाला.

त्याने तांब्या उचलला, त्यांच्या तोंडाला लावण्याआधी स्वतः त्याचा वास घेतला, आणि मगच पाजला. मास्तरांनी ते पाहिले. त्यांच्या आठ्या सैल झाल्या. दुसऱ्या दिवशी ते गेले.

प्लेग हटला, शहर परत आले, आणि कमिटीने बोर्डिंगात शोकसभा ठेवली. मास्तरांचा फोटो कोणी कधी काढलाच नव्हता, म्हणून एका रिकाम्या खुर्चीला हार घातला. फरशीखाली सगळा हिवाळा आणि सगळा उन्हाळा कुजत पडला होता, त्याचा वास सभेपर्यंत येत होता. म्हणून खुर्चीभोवती उदबत्त्यांचा जुडगा लावला आणि गुलाबपाणी शिंपडले. त्या दोन वासांची भेसळ माझ्या नाकातून अजून गेलेली नाही. वकीलसाहेब उभे राहिले. "रावजी मास्तरांनी तरुणांना जीवनाचे ध्येय दाखवले," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मी उठून स्वयंपाकघरात निघून आलो.

दाराशी आप्पा उभे होते. सभेचे कळल्यावरून एकटेच आले होते, चरवी नाही, माणसे नाहीत. आत बसावे की जावे हे त्यांना ठरवता येत नव्हते. पोराची त्यांची भेट त्या दिवसानंतर झालेली नव्हती.

एवढ्यात दौलत सभेतून उठला आणि आमच्यासमोरून मागे गेला. त्याने आप्पांना पाहिले, पण थांबला नाही. फरशीच्या फटीत पहार घातली आणि रेटू लागला. फरशी एका माणसाच्या आवाक्यातली नव्हती. ती बोटभर उचलली जाई आणि धप्पकन खाली बसे.

"काय कराल्यास?" आप्पांनी विचारले. सायेब नाही, तुमी नाही.

"मोरी तुंबलीया, आप्पा."

आप्पा फेट्याचा शेमला नाकाला लावून उभे राहिले. दौलतने पुन्हा रेट दिला, पुन्हा फरशी बसली. आप्पांनी इकडे तिकडे पाहिले. सभेतली निम्मी पोरे माना वळवून बघत होती. मग त्यांनी फेटा डोक्यावरून काढला, माझ्या उंबऱ्यावर ठेवला, आणि धोतर खोचले.

"तिकडनं धर, मर्दा," ते म्हणाले. "एकट्याची कंबर मोडंल."

फरशी उठली. कोंडलेला वास उदबत्त्यांना बाजूला सारून सरळ सभेत शिरला. वकीलसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला आणि भाषण तिथेच थांबले. मी कोपऱ्यातले दोन्ही खराटे काढून आणले. एक दौलतला दिला. दुसरा कोणाला द्यावा असा विचार करत मी उभा होतो, तेवढ्यात आप्पांनी तो माझ्या हातातून ओढून घेतला.